अंगठा, खतपत्र आणि आधार



आज आम्ही इतिहास सांगणार आहोत, पण राजांचा आणि लढायांचा नाही. आपल्या अंगठ्याचा इतिहास सांगणार आहोत. गॅसच्या अनुदानाला अंगठा लागतो, रेशनला लागतो, बँक मित्राकडून पैसे काढायलाही लागतो. मोबाइलवर ओटीपी येतो, तोही एका अर्थानं अंगठाच. या अंगठ्यामागं आपलं नाव असतं, आपला पैसा असतो, आपलं घरदार असतं. म्हणून तो कुणी घ्यावा, कशासाठी घ्यावा आणि घेतल्यावर आपल्याला काय सांगावं, हा प्रश्न मोठा आहे. आणि हा प्रश्न इंटरनेटबरोबर आलेला नाही. आपल्याच मातीत तो दीडशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता.

तेव्हा आपल्या भागातल्या बहुतेक शेतकऱ्यांना लिहिता येत नव्हतं. सावकाराच्या खतावर कुणबी नांगराचं चित्र काढून निशाणी करायचा. बाईची निशाणी बांगडीची. वर काय लिहिलंय ते सावकाराला माहीत, लिहिणाऱ्या कारकुनाला माहीत. ज्याचं रान गहाण पडायचं त्याला मात्र ते वाचता येत नव्हतं. कागदाची नक्कल त्याच्याकडे नसायची. पैसे फेडले तरी पावती मिळेल याची खात्री नव्हती. व्याजावर व्याज चढायचं आणि एक दिवस कोर्टाचा हुकूम दारात यायचा.

मग १८७५ चा मे महिना आला. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. पुण्यात आणि नगरमध्ये गावोगाव हेच घडलं. आपल्याकडं त्याच वर्षी सप्टेंबरात कुकरूडला उठाव झाला. कुकरूड आज सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात आहे, तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं. इतिहासात या उठावांना ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. पण त्यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लोकांनी बहुतेक ठिकाणी माणसांना फारसं इजा केली नाही. त्यांनी मागितले ते कागद. खतं, रोखे, हुकूमनामे काढून त्यांची होळी केली. जिथं सावकारानं कागद मुकाट्यानं दिले, तिथं लोक बहुधा परत फिरले. आपल्याविषयी लिहिलेला कागद दुसऱ्याच्या पेटीत आहे आणि त्या कागदाची दोरी आपल्या गळ्यात आहे, हे त्या न शिकलेल्या माणसांना पक्कं कळलं होतं.

इंग्रज सरकारनं चौकशी नेमली आणि १८७९ साली कायदा केला, दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जमुक्तीचा. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर असे चार जिल्हे त्यात होते. त्या कायद्यानं गावासाठी दस्त नोंदवणारा माणूस नेमला. शेतकऱ्याचा कर्जाचा कागद त्याच्यासमोर व्हायचा आणि शेतकऱ्याला तो समजला पाहिजे असं ठरलं. पैसे भरले की पावती मागायचा हक्क मिळाला. वर्षाचा हिशेब मागायचा हक्क मिळाला. पासबुक मागायचा हक्क मिळाला. सावकारी त्यानं संपली नाही, हे आपल्या आज्या-पणज्यांनी सोसलंच आहे. पण चार गोष्टी तेव्हा कायद्यात आल्या: सांगून घ्या, समजावून घ्या, नक्कल द्या, हिशेब द्या. या चार गोष्टी मनात ठेवा, पुढं परत लागणार आहेत.

आता अंगठा कुठून आला ते पाहू. बंगालमध्ये हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८५८ साली एका ठेकेदाराकडून करारावर आख्ख्या हाताचा ठसा घेतला, उद्या त्यानं सही नाकारू नये म्हणून. पुढं १८९७ मध्ये कलकत्त्यात गुन्हेगारांच्या बोटांचे ठसे ठेवणारं सरकारी दफ्तर सुरू झालं. हळूहळू नांगर आणि बांगडी मागं पडली आणि कागदावर ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ असं आलं. म्हणजे सुरुवातीपासून अंगठा घेणारा आपल्या सोयीसाठी घेत आला. देणाऱ्याची सोय कुणी विचारली नाही.

कुणी म्हणेल, सरळ माणसाला लपवायचं काय असतं? या प्रश्नाचं उत्तरही आपल्याच जिल्ह्यांनी दिलंय. १८८५ चा तार कायदा इंग्रजांनी केला, त्यात लोकांच्या तारा अडवून वाचायची मुभा सरकारनं स्वतःला दिली. पुढं १९४२ नंतर कृष्णाकाठी क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. येडेमच्छिंद्र, कुंडल, वाळवा ही गावं त्याची साक्ष आहेत. ते लोक भूमिगत होते. घरातल्या बायकांनी त्यांना भाकरी दिली, निरोप पोचवले, आणि पोलीस दारात आल्यावर नाव तोंडातून काढलं नाही. त्या बायकांनी पाप लपवलं नव्हतं. कुणाला काय सांगायचं आणि काय पोटात ठेवायचं, हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं. खाजगीपण म्हणतात ते हेच.

आणि बाईला खाजगीपण लागतं ते फक्त सरकारापासून नाही. माण तालुक्यात म्हसवडला चेतना गाला सिन्हा आणि तिथल्या बायांनी महिला बँक काढायचं ठरवलं. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं परत केला, कारण काही प्रवर्तक बाया अंगठेबहाद्दर होत्या. बाया शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बँक सुरू झाल्यावर एक अडचण पुढं आली. पासबुक घरात सापडलं की शिल्लक किती ते नवऱ्याला कळायचं आणि पैसा जायचा. म्हणजे ज्या पासबुकाचा हक्क १८७९ च्या कायद्यानं शेतकऱ्याला दिला, तेच पासबुक घरात बाईच्या विरुद्ध साक्ष द्यायला लागलं. पुढं यंत्रं आली तेव्हा बायांचं म्हणणं पडलं की पिन नंबर घरातल्या कुणालाही कळेल, त्यापेक्षा अंगठा बरा, तो आपल्याच हाताला असतो. जो अंगठा सावकाराच्या कागदावर लाजेचा होता, तो इथं ताकदीचा झाला. फरक एवढाच की तो कुठं लावायचा ते बाईनं ठरवलं.

आता इंटरनेटकडे येऊ. आपल्या देशात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला. ते मोठ्या शहरांतलं. खेड्यात संगणक पोचवायचा पहिला मोठा प्रयोग मात्र आपल्या शेजारी झाला. १९९८ मध्ये वारणानगरच्या भोवतालची कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावं सरकारनं संगणकानं जोडायला घेतली. गावात केंद्र, केंद्रात संगणक, आणि त्यावर ऊस कुणाचा किती, तोड कधी, बिल किती याच्या नोंदी. शेतकऱ्याला कारखान्याच्या खेपा घालाव्या लागू नयेत हा हेतू चांगला होता. काही वर्षांनी तिथंच संगणकाऐवजी मोबाइलच्या मेसेजवर माहिती द्यायचा प्रयोगही झाला. म्हणजे आपली माहिती वहीतून यंत्रात जायला आपल्या भागात पंचवीस वर्षांहून जास्त काळ लोटला.

यंत्र आलं, पण त्याला लगाम घालणारा कायदा कुठं होता? २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा झाला. तो मुख्यतः संगणकावरच्या व्यापारासाठी आणि गुन्ह्यांसाठी होता. २००८ मध्ये त्यात बदल झाले. एखाद्याच्या शरीराच्या खाजगी भागाचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय काढणं, पाठवणं हा गुन्हा ठरला. आपल्या लेकींना आजही हे कलम कामाला येतं, ते ६६ ई. पण त्याच वेळी ६६ ए नावाचं कलमही आलं. त्याचा फटका महाराष्ट्रातच बसला. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुण मुलींना पोलिसांनी अटक केली. मुंबई बंद का, असं एकीनं फेसबुकवर लिहिलं होतं आणि दुसरीनं ते पसंत केलं होतं. देशभर संताप झाला. शेवटी २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं ते कलम रद्द केलं. नियम करणारा हात रक्षण करू शकतो आणि दाबूही शकतो, हे त्या एका कायद्यात दिसलं.

दरम्यान आधार आलं होतं. देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात, २९ सप्टेंबर २०१० ला, आणि ते एका बाईच्या हातात. दहाही बोटांचे ठसे, डोळ्यांचं चित्र, चेहरा. सुरुवातीची साडेपाच वर्षं या कामाला संसदेचा कायदाच नव्हता. तो २०१६ मध्ये झाला. तोवर कोट्यवधी लोकांचे ठसे घेऊन झाले होते. आपण रांगेत उभ्या राहिलो, तेव्हा हे ठसे कुठं जाणार असं विचारलं का? विचारायची सोयच नव्हती. न दिलं तर रेशन बंद होईल, ही भीती होती.

विचारलं ते कर्नाटकातल्या एका म्हाताऱ्या निवृत्त न्यायाधीशांनी, न्या. पुट्टस्वामींनी. २०१२ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या पुढं, त्यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. सरकारी वकिलांनी २०१५ मध्ये सांगितलं की खाजगीपणाचा मूलभूत हक्क घटनेत नाहीच. मग नऊ न्यायाधीश बसले आणि २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं निकाल दिला: खाजगीपण हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. जगण्याच्या हक्कातच तो येतो.

पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ ला, आधारचा निकाल लागला. सरकारी अनुदानाच्या योजनांना आधार मागता येईल, पण बँक खात्याला, मोबाइलच्या सिमला आणि मुलांच्या शाळाप्रवेशाला त्याची सक्ती करता येणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं. आपण खुशीनं आधार देऊ शकतो. ‘आधारच लागेल, दुसरं काही चालणार नाही’ असं सिमकार्डाच्या दुकानात कुणी म्हणालं, तर हा निकाल आठवा.

हक्क मिळाला, पण तो चालवायला कायदा पाहिजे. त्यासाठी न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांची समिती बसली, तिनं जुलै २०१८ मध्ये अहवाल दिला. २०१९ मध्ये विधेयक आलं, २०२२ मध्ये मागं घेतलं गेलं. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील असं ठरलं.

या कायद्यात काय आहे? मघाच्या चार गोष्टी आठवा. माहिती घेण्याआधी काय घेताय आणि कशासाठी ते सांगा. ती सूचना आपल्याला मराठीत मागता येईल. संमती समजून-उमजून दिलेली पाहिजे आणि ती जितक्या सहज दिली तितक्या सहज परत घेता आली पाहिजे. आमची कोणती माहिती तुमच्याकडे आहे ते दाखवा, चुकली असेल तर दुरुस्त करा, काम संपलं तर पुसा. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर आई-बापाची संमती घ्या. माहिती नीट सांभाळली नाही तर अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड. सांगून घ्या, समजावून घ्या, नक्कल द्या, हिशेब द्या. १८७९ मध्ये सावकाराला जे सांगितलं, तेच आता कंपनीला सांगितलं आहे.

पण मैत्रिणींनो, या कायद्याला दोन मोठी भगदाडं आहेत आणि ती आपल्याला थेट लागतात. पहिलं असं की अनुदान, लाभ, दाखला देण्यासाठी सरकारला दर वेळी आपली नवी संमती घ्यावी लागत नाही. शिवाय देशाच्या सुरक्षेसारख्या कारणांसाठी सरकार आपल्या यंत्रणांना या कायद्यातून सूट देऊ शकतं. आपली सगळ्यात जास्त माहिती असते कुणाकडं? सरकारकडंच. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचाही आधार मागितला गेला. ज्यांना नवरा नाही आणि वडीलही नाहीत, त्यांची अडचण झाली आणि मग त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. आधी विचारलं असतं तर बायांनीच ते सांगितलं असतं.

दुसरं भगदाड माहितीच्या अधिकाराचं. त्या कायद्यात आधी असं होतं की वैयक्तिक माहिती नाकारता येते, पण लोकांच्या मोठ्या हिताची असेल तर द्यावी लागते. २०२३ च्या कायद्यानं त्या कलमातली ही अट काढली. एक वेगळं कलम अजून शिल्लक आहे, त्याखाली लोकहितासाठी माहिती मागता येते. पण उद्या रोजगार हमीच्या हजेरीपटाची किंवा घरकुलाच्या यादीची प्रत मागायला गेलं, तर ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ असं उत्तर मिळायची भीती अनेक कार्यकर्त्यांना वाटते, आणि आम्हालाही वाटते. गरिबाची माहिती उघडी आणि कारभाऱ्याची झाकलेली, असं होता कामा नये.

हे सगळं दिल्लीतलं वाटत असेल, तर खटाव तालुक्याकडे बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथं एक प्रकरण उघडकीस आलं. पनवेलकडच्या एका बाईचा लाडकी बहीण योजनेचा अर्ज काही केल्या भरला जाईना, कारण तिचा आधार क्रमांक आधीच कुणीतरी वापरला होता. चौकशीत निघालं की वेगवेगळ्या आधार क्रमांकांवर तीसेक अर्ज एकाच घरातून भरले गेले होते. पोलिसांनी गुन्हा दाखल केला. त्यात पैसा सरकारचा होता, पण ज्या बायांचे नंबर वापरले गेले, त्यांच्या हक्काचा अर्ज अडला. आपल्या आधारची झेरॉक्स कुठं कुठं पडली आहे, हे आपल्यातल्या कितीजणींना सांगता येईल?

अंगठ्याची चोरीही झाली आहे. तेलंगणात २०१८ साली जमिनीच्या खरेदीखतांवरचे ठसे इंटरनेटवरून उतरवून त्यांच्या रबरी नकला केल्याचं प्रकरण पोलिसांनी पकडलं. जमिनीच्या कागदावरचा अंगठा पुन्हा फसवायला वापरला गेला. पिन बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत अर्धा तास या कामाला द्या, असं आमचं सांगणं आहे. आधारची झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहा, आडवी रेघ मारून सही करा. शक्य तिथं फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं आधार द्या, ते आधारच्या सरकारी संकेतस्थळावरून निघतं. तिथंच बोटांचे ठसे कुलूपबंद करता येतात आणि अंगठा लावायचा तेव्हा उघडता येतात. आपला आधार मागच्या सहा महिन्यांत कुठं वापरला गेला तेही तिथं दिसतं. स्वतःला जमत नसेल तर गटातल्या शिकलेल्या लेकीकडून करून घ्या, पण ओटीपी आपल्याच तोंडात ठेवा. बँक मित्राकडं अंगठा लावला की पावती मागा. यंत्र चाललं नाही म्हणून दुसऱ्यांदा लावायला सांगितलं, तर पहिल्या वेळी काय झालं ते आधी बघा. मोबाइलवर कर्ज देणारं ॲप तुमच्या फोनमधले नंबर आणि फोटो मागत असेल, तर ते बंद करा. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच त्याला मनाई केली आहे. फसवणूक झाली तर लाजून गप्प बसू नका. १९३० ला लगेच फोन करा, जितका उशीर तितका पैसा लांब जातो. आधारची तक्रार १९४७ वर करा.

आणि एक काम गटानं स्वतःच्या घरात करायचं आहे. आपल्या अध्यक्षा-सचिवांकडं दहा-पंधरा बायांची आधारं, फोटो, पासबुकाच्या नकला असतात. त्या कुठं ठेवल्यात, कुणाला दिल्यात, कर्ज फिटल्यावर परत केल्यात का, हे वहीत लिहा. व्हॉट्सॲपच्या गटावर कुणाचं आधार टाकू नका. कुणाची शिल्लक किती आणि हप्ता कुणाचा थकला, हे गटाबाहेर जाऊ देऊ नका. कायदा कंपनीला जे सांगतो, ते आपण एकमेकींसाठी आजपासून पाळू शकतो.

कुकरूडच्या लोकांपुढं कागद जाळण्यापलीकडे वाट नव्हती. आपल्यापुढं आहे. आपल्याला वाचता येतं, विचारता येतं, नाही म्हणता येतं. ग्रामसभेत, सेवा केंद्रात, बँकेत, जिथं कुणी आधार मागेल तिथं एक प्रश्न विचारायची सवय लावा: कशासाठी पाहिजे, आणि काम झाल्यावर याचं काय करणार? उत्तर मिळालं तर द्या. न मिळालं तर पुन्हा विचारा. तुमच्या गावात काय उत्तर मिळालं ते आम्हाला कळवा, पुढच्या वेळी त्यावरच बोलू.